समुद्राचा वाफसा

मी निघाले ती सुनेला घरी परत आणायला. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको, की बाईंनी हे लपवून ठेवलं.

सून म्हणजे मृणाल, नागपूरची. लग्नाला पाच वर्षं झाली. त्यातली दोन ती कॅनडाच्या पार पूर्वेच्या टोकाला, प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाच्या बेटावर, समुद्रातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ मोजत बसलीय. माझा मुलगा निखिल कॅल्गरीत एका तेलकंपनीत इंजिनीअर. दोघांच्या मध्ये अख्खा देश आडवा पडलेला. तिचं कंत्राट या उन्हाळ्यात संपणार होतं, पण या वसंतातलं काम नीट पार पडलं तर आणखी तीन वर्षांसाठी वाढणार होतं. तीन वर्षं! मी सहासष्टची, नातवंडं काय व्हिडिओ कॉलवर होतात?

"आई, तू बोललीस तर ऐकेल ती," कॅल्गरीच्या विमानतळावर मला सोडताना निखिल म्हणाला.

"तीस वर्षं चौथीचा वर्ग गप्प बसवलाय मी. ही तर एकटी आहे," मी म्हटलं आणि जॅकेटची चेन लावली.

आम्ही यावलकडचे, खानदेशातले. आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशीण माहेरी जाते. तिला न्यायला भाऊ किंवा बाप येतो, त्याला मुराळी म्हणतात. आखाजी चार दिवसांवर होती. मीही एका परीनं मुराळीच की, असं मनाशी म्हणून मला विमानात एकटीलाच हसू आलं. शेजारच्या गृहस्थांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

टोरोंटोला विमान बदललं. संध्याकाळी खाली बेट दिसलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माती लाल! आमच्या काळ्या मातीवर वाढलेल्या बाईला ते कुणीतरी कुंकू सांडल्यासारखंच वाटणार. काठ लाल, नांगरलेली शेतं लाल, आणि काठाजवळचं पाणीसुद्धा गढूळ लालसर. खाडीच्या कोपऱ्यात बर्फाचे शेवटचे तुकडे तरंगत होते.

मृणाल रबरी बूट घालून न्यायला आली होती. पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या जॅकेटला मासळीचा असा भपकारा आला, की माझा आशीर्वाद नाकातच अडकला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे शाकाहारी.

"सॉरी आई, गाडीत याहून जास्त आहे," ती म्हणाली. खोटं बोलत नव्हती.

तासाभराचा रस्ता. दोन्हीकडे बटाट्याची शेतं, कुंपणाच्या सावलीत उरलेलं बर्फ, आणि प्रत्येक धक्क्यावर लॉब्स्टरचे पिंजरे घराएवढ्या उंचीला रचून ठेवलेले. मी मनात भाषण जुळवत होते, पण तिनंच आधी सुरुवात केली.

"तुम्ही बरोब्बर वेळेवर आलात. आइस जाऊन अकरा दिवस झालेत. आता कुठल्याही दिवशी ब्लूम (शेवाळाचा बहर) येईल. चार-सहा दिवस टिकतो, मग खाली बसतो. तो कधी आला, किती आला, हे मोजायचं. दर तीन दिवसांनी त्याच जागी जाऊन जाळीनं पाणी गाळून आणते. एक फेरी जरी चुकली आणि नेमका तेव्हाच बहर येऊन गेला, तर वर्ष गेलं."

"आणि पुढची तीन वर्षं?"

"तीही गेली," ती म्हणाली आणि वायपर चालू केले.

मी खिडकीबाहेर बघत बसले. पहिल्याच तासात विषय काढणं बरं दिसलं नसतं.

ती एका खाडीकाठच्या जुन्या लाकडी घरात भाड्यानं राहते. शेजारी वेंडेल नावाचे सत्तरीचे गृहस्थ. ते शिंपल्यांची शेती करतात. मला आधी वाटलं, थट्टा आहे. पण नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः दाखवलं. नायलॉनची लांब जाळीदार पिशवी, तिला ते सॉक म्हणतात, तिच्यात इवलीइवली शिंपली भरायची आणि खाडीत दोरांना टांगून द्यायची. दीड-दोन वर्षांनी काढायची.

"फ्रॉम अवे?" त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला. बेटावर जन्मला नाही तो प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी फ्रॉम अवे, म्हणजे बाहेरगावचा. मग तो बेटाला जोडणाऱ्या पुलापलीकडचा असो नाहीतर यावलचा.

"त्यांना खायला काय घालता?" मी विचारलं.

"काही नाही, मिसेस पी. एक दाणा टाकत नाही. समुद्र वाढतो, ती जेवतात." आमचं आडनाव त्यांना पहिल्या अक्षरापुरतंच झेपलं होतं.

"आणि समुद्रानं नाही वाढलं तर?"

"तर बारकी राहतात, आणि मीही," ते पोटावर हात मारून म्हणाले. पोट पाहता समुद्रानं आजवर वाढण्यात कसूर केली नव्हती.

त्यांनी मला बादलीभर शिंपली देऊ केली. मी हात जोडले. मग त्यांनी बटाटे दिले. ते मात्र मी दोन हातांनी घेतले. काळा मसाला मी बरोबर आणला होता. त्या बटाट्याची रस्साभाजी अशी झाली, की मृणालनं तीनदा वाढून घेतली आणि जेवताजेवता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं आलं असावं असं तेव्हा मी धरून चालले.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी ती लॅबमध्ये जायला निघाली तेव्हा मी दारातच तिला गाठलं.

"मृणाल, पुरे झालं आता. पाण्याचा रंग मोजायला दुसरं कुणी मिळेल. घरी चल."

ती बूट चढवता चढवता थांबली. "निखिलनं पाठवलं का तुम्हाला?"

"मला कुणी पाठवावं लागतं का?"

"आई, संध्याकाळी बोलू?" ती म्हणाली आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला भांडायची तयारी करून आल्यासारखं आणि समोर कुणीच नसल्यासारखं झालं.

राग आला की मी स्वयंपाकघरात शिरते. दुसऱ्या दिवशी आखाजी. आमच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, पाण्यानं भरलेली मातीची घागर, वर खरबूज, आणि नैवेद्य. हे, म्हणजे निखिलचे बाबा, जाऊन सहा वर्षं झाली. ह्यांना श्रीखंड जिवापाड आवडायचं. आंबे बेटावर नव्हते, म्हणून म्हटलं, रस नाही तर श्रीखंड तरी करू. ग्रोसरीतून दोन डबे दही आणलं होतं. आणि ऐनवेळी लक्षात आलं, चक्का बांधायचं मलमलचं फडकं कॅल्गरीतच राहिलं.

घर पालथं घातलं. टॉवेल जाड, उशीची खोळ रंगीत. शेवटी बेसमेंटमध्ये उतरले, तर दोरीवर स्वच्छ धुतलेली, पांढरीशुभ्र, निमुळती लांब पिशवी वाळत घातलेली. कापड बोटांत धरून पाहिलं. काय पोत होता! मलमलीनं झक मारावी. इथल्या लोकांना चीज वगैरे करायला असलं काही लागत असेल, घरमालकाचं असणार, असं मी धरलं. विचारायला घरात कुणी नव्हतं. तरी विचारायला हवं होतं, हे मला मान्य आहे.

खालच्या उघड्या टोकाला गाठ मारली, दही ओतलं, वरून बांधून तिथल्याच सिंकच्या नळाला टांगलं. मृणाल संध्याकाळी दमून आली, जेवली, आणि "उद्या सकाळी फेरी आहे, परवापासून तीन दिवस वारा आहे," एवढं म्हणून झोपली. बोलणं राहिलंच.

सकाळी सहाला बेसमेंटमधून हाक आली. "आई?"

हाकेचा सूर ऐकून मी पायऱ्या दोन-दोन उतरले. मृणाल सिंकपुढे उभी होती. नळाला पिशवी, पिशवीत सुरेख घट्ट चक्का.

"ही माझी जाळी आहे," ती म्हणाली.

"जाळी? जाळी अशी असते?"

"यात समुद्राचं पाणी गाळतात. कडी आणि खालची बाटली धुवायला काढून ठेवली होती. दुसरी जाळी मागच्या आठवड्यात तरंगत्या बर्फात फाटली. नवी यायला दोन आठवडे आहेत." तिनं चक्का काढला, पिशवी नळाखाली धरली. पाणी आत साठलं आणि तसंच उभं राहिलं. थेंबभरसुद्धा खाली उतरेना. साय आणि दही प्रत्येक छिद्रात जाऊन बसलं होतं.

ती तिथंच फरशीवर बसली. ओली पिशवी मांडीवर घेतली. मग खाली मान घालूनच विचारलं, "आई, तुम्ही मुद्दाम नाही ना केलंत?"

माझ्या कानशिलात कुणी मारली असती तरी मला एवढं लागलं नसतं. तोंडात आलं, अगं तुझी जीभ कशी रेटली! पण आलं तसंच परत गेलं. काल दारात काय बोलले होते ते माझं मलाच ऐकू आलं. तिनं दुसरं काय समजावं?

"मुद्दाम नाही केलं," मी म्हटलं. "ह्यांच्या घागरीची शपथ. पण तुला खरं सांगते. दुसरी जाळी फाटली म्हणालीस ना, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. वाटलं, चला, आता येईल घरी. माझी मलाच शरम वाटतेय, पण वाटलं."

तिनं वर पाहिलं. रागानं की कशानं, ते मला कळलं नाही. मग उठली आणि गरम पाण्याचा नळ सोडला.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकली. "गरम नको! दुधा-दह्याच्या फडक्याला गरम पाणी लावलं की दूध तिथंच शिजतं, मग ते जन्मात निघत नाही. आधी गार. नुसतं गार. सरक बाजूला."

आमच्या घरी चार म्हशी होत्या. दुधाची फडकी धुण्यात माझं लहानपण गेलं. शेवाळातलं मला काही कळत नसेल, पण सायीतलं कळतं. पिशवी उलटी केली आणि गार पाण्याची धार उलट्या बाजूनं सोडली, म्हणजे जे आत अडकलंय ते आलं त्या वाटेनं जाईल. चोळायचं नाही, पिळायचं नाही. अर्ध्या तासानं पाणी पांढरं येईनासं झालं. उरला तुपकटपणा. माझ्या बॅगेत रेशमी साडी धुवायला रिठ्याची पूड होती. ती कोमट पाण्यात कालवून फेस केला.

"आई, रिठ्यानं मासे मरतात," मृणाल म्हणाली. तिच्या आवाजात आता काम आलं होतं. "फेसाचा अंश जरी राहिला तरी जाळीत येईल ते जिवंत राहणार नाही."

"मग फेस राहणार नाही. तू मोज."

तिनं मोजलं. एकोणीस वेळा खळबळून पाणी बदललं. माझी बोटं बधिर झाली, तशी तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली आणि उरलेल्या वेळा स्वतः खळबळली. मग बेसमेंटमधल्या तिच्या सूक्ष्मदर्शकाखाली कापडाचा कोपरा धरला, चारी बाजूंनी फिरवला आणि खालचं टोक बांधून बादलीभर पाणी आत ओतलं. धो धो खाली पडलं. माझ्या पावलांवर, स्वेटरवर, सगळीकडे.

"छिद्रं मोकळी आहेत," ती म्हणाली. "आई, तुम्ही वेंडेलच्या बोटीवर येताय. दोर धरायला."

ती शिक्षा होती की आमंत्रण, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वेंडेलनी मला नारिंगी रंगाचा एक फुगीर पोशाख चढवला. त्यात मी भोपळ्यासारखी दिसत होते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. खाडीतून बोट बाहेर सामुद्रधुनीत आली. उथळ समुद्र आहे हा. मृणाल म्हणाली, आपल्या खाली सहा-सात मजली इमारत उभी केली तर बुडेल, बस्स, एवढीच खोली. मी लिंबू हुंगत होते आणि मला एका मजल्याचाही विचार नको होता.

मळमळ विसरायला मी तिला बोलतं केलं. "हा बहर नेमका आत्ताच का येतो? आधी का नाही?"

"हिवाळ्यात वादळं तळ ढवळतात. उथळ असल्यामुळे तळाचं सगळं खत वर येतं. पण वर बर्फाचं झाकण, उजेड नाही. बर्फ वितळलं की त्याचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. त्या थरात शेवाळ उजेडातच राहतं, खत तर असतंच. पण फार वारा सुटला तर थर मोडतो, शेवाळ खाली अंधारात जातं. अजिबातच वारा नसेल तर वरचं खत संपतं आणि खालून नवं येत नाही. सगळं थोडं थोडं जमून यावं लागतं."

"अगं, मग हा वाफसा आहे!"

"म्हणजे?"

नागपूरची असली तरी शहरातली पोर. तिला शेतातलं काय माहीत? मी सांगितलं. पाऊस पडला की लगेच पेरता येत नाही, चिखल असतो. फार ऊन पडलं की माती दगड होते. मधे काही दिवस असे येतात, की मातीत ओलही असते आणि हवाही, मूठ वळली तर वळते आणि टाकली तर सुटते. तो वाफसा. तेव्हाच पाभर घालायची, पेरणी उरकायची. माझे वडील म्हणायचे, वाफसा पाहुण्यांसाठी थांबत नाही.

मृणालनं वेंडेलना ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आणि खत जास्त झालं की तेही वाईट, मिसेस पी. बटाट्याच्या शेतातलं वाहून आमच्या खाड्यांत येतं. उन्हाळ्यात नुसतं हिरवं माजतं, मग सडतं, पाण्याला घाण सुटते. शिंपली गुदमरतात."

"आमच्याकडे केळीला जास्त युरिया टाकतात तसं," मी म्हटलं. त्या क्षणी आम्ही दोघं एका गावचे झालो.

जागा आली. मृणालनं जाळी सोडली. दोर माझ्या हातातून सरकत गेला. तिनं सांगितल्यावर मी आणि वेंडेल हळूहळू ओढू लागलो. मला देव आठवत होते. जाळी बुजली असेल तर? फेस राहिला असेल तर? मला हवं होतं तेच होणार होतं, आणि आता मला ते अजिबात नको होतं.

जाळी वर आली. खालच्या बाटलीतलं पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं दाट, हिरवट-तपकिरी होतं.

मृणालनं बाटली उन्हात धरली आणि किंचाळली. "आला! आई, आला! तीन दिवसांपूर्वी हे नितळ होतं!" तिनं मला मिठी मारली. दोन नारिंगी भोपळे एकमेकांवर आपटले.

वेंडेलनी टोपी काढून वारा हुंगला. "वास घ्या. काकडीसारखा येतो, तेव्हा माझी शिंपली अंग धरतात."

मी वास घेतला. काकडी कसली, खरबूज! नुकतं चिरलेलं, घागरीवर ठेवायचं खरबूज. उद्या वारा सुटणार होता. आजची फेरी चुकली असती तर हा दिवस कुणाच्याच वहीत आला नसता.

परतल्यावर तिनं सूक्ष्मदर्शकातून मला दाखवलं. काचेच्या बारीक डब्या एकीला एक चिकटून साखळ्या झालेल्या, आत सोनेरी ठिपके. एवढ्याशा त्या, आणि त्यांच्यावर शिंपली, मासे, लॉब्स्टर, वेंडेलचं पोट, सगळं उभं. मी डोळा काढेचना, शेवटी मृणालनंच मला खुर्चीवरून उठवलं.

घागर भरायची राहिली होती. आखाजी साडेतीन मुहूर्तांतली, दिवसभर चालते. पण मातीची घागर कुठून आणायची? दुकानातल्या कुंडीला बुडाशी भोक होतं. वेंडेलनी त्यांच्या आईचं बीन्स शिजवायचं मातीचं तपकिरी मडकं आणून दिलं आणि दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी मडक्यात पाणी भरलं, वर ग्रोसरीतलं खरबूज ठेवलं, ह्यांचं नाव घेतलं.

"आई, त्यात थोडं समुद्राचं पाणी घालू?" मृणालनं विचारलं.

"ह्यांना खारट चालायचं नाही." मग तिचा चेहरा बघून म्हटलं, "थेंबभर घाल. तेवढं चालवून घेतील."

राहिला चक्का. वाटी समोर ठेवून आम्ही दोघी बघत बसलो.

"जाळी धुतली होती मी," मृणाल म्हणाली. "पण त्यात आधी हजारो बारके जीव अडकले होते. शाकाहारी म्हणता येईल की नाही, सांगता येत नाही." आणि ती हसायला लागली. सकाळपासून पहिल्यांदा. मलाही आवरेना. नैवेद्याला शेवटी गूळ-खोबरं ठेवलं. साखर-वेलदोडा घालून श्रीखंड वेंडेलनी खाल्लं, सगळं, बोट फिरवून. म्हणाले, आयुष्यात असं चीजकेक खाल्लं नाही.

निघायच्या दिवशी वारा घोंघावत होता. समुद्र लाल, फेसाळ. मृणालनं रबरी बूट घालूनच मला विमानतळावर सोडलं. या वेळी जॅकेटचा वास आला तो मी आशीर्वाद देऊन मग हुंगला.

"निखिलला काय सांगाल?" तिनं विचारलं.

"ते मी आणि तो बघू. तू तुझ्या डब्या मोज."

कॅल्गरीत निखिल वाट बघत होता. त्यानं माझ्या मागं पाहिलं, जणू ती बॅगा घेऊन मागून येणारच होती. गाडीत बसल्यावर त्याला राहवेना.

"काय म्हणाली? येतेय ना?"

"नाही."

"तू बोललीच नाहीस?"

"बोलले. आणि मग जाळी धुऊन आले." मी त्याला सगळं सांगितलं. दही, फरशी, तिचा तो प्रश्न, आणि माझं क्षणभर बरं वाटणंही. दोन सिग्नल गेले.

"आई, तू तिला आणायला गेली होतीस."

"हो रे. पण तिथं गेल्यावर पाहिलं, ती रबरी बूट घालून त्या धक्क्यावर चालते ना, तशी आपल्या घरात कधी चालली नाही. शेजारी म्हातारा बापासारखा वागतो. समुद्र तिला जेवू घालतो. माहेर म्हणजे दुसरं काय असतं? आणि आखाजीला माहेरातून लेकीला ओढून आणलेली तू कुठं पाहिलीस?"

त्यानं गाडी घराच्या ड्राइव्ह-वेमध्ये उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही.

"मग मी काय करू?"

"अप्लाय कर तिकडे. नाही मिळालं काही, तर रजा काढ आणि जा. जावयासारखा जा, मुराळी होऊन नको." मी पट्टा सोडला. "आणि लवकर जा. वाफसा आहे तोवर."